चांदीचे पाणी : रसायन, इतिहास आणि दावे

इतिहासाच्या शिक्षकाने रसायनशास्त्राच्या विषयाला हात घालावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु कोणी काय सांगितले, कशाच्या आधारे सांगितले आणि तो आधार तपासला असता टिकतो का, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे नित्याचे काम आहे. गेल्या काही वर्षांत एका औषधाविषयीचे संदेश आपल्या मोबाइल गटांतून वारंवार फिरताना दिसतात. त्याचे नाव 'कोलॉइडल सिल्व्हर', म्हणजे कलिल चांदी. चांदीच्या दोन तारा, काही बॅटऱ्या आणि ग्लासभर शुद्ध पाणी एवढ्या साहित्यात ते घरी तयार होते आणि सर्दीपासून कर्करोगापर्यंत सर्व आजारांवर चालते, असे या संदेशांत म्हटलेले असते. त्यात इतिहासाचे दाखले असतात, विज्ञानाचे शब्द असतात आणि 'मोठ्या औषध कंपन्यांनी दडवून ठेवलेले सत्य' हा शेरा हमखास असतो.

दागिन्यांना किंवा भांड्यांना 'चांदीचे पाणी' देतात, त्याचा येथे संबंध नाही. या लेखापुरते आपण या पेयालाच चांदीचे पाणी म्हणू. ते कसे बनते, शरीरात गेल्यावर त्याचे काय होते आणि त्याच्याविषयीच्या दाव्यांत खरे किती, हे क्रमाने पाहू. आपल्या शाळेचे पालक आणि माजी विद्यार्थी आपल्या कष्टाचे पैसे व आपल्या घरच्यांचे आरोग्य अशा संदेशांच्या भरवशावर टाकण्यापूर्वी हे सर्व त्यांच्यासमोर असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कलिल म्हणजे काय?

मीठ पाण्यात विरघळले की दिसेनासे होते, हे द्रावण. माती पाण्यात ढवळली की थोड्या वेळाने तळाशी बसते, हे निलंबन. या दोहोंच्या मधली अवस्था म्हणजे कलिल. त्यातील कण साधारणतः एक ते एक हजार नॅनोमीटर आकाराचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि सहजासहजी तळाशीही बसत नाहीत. दूध हे कलिलाचे आपल्या रोजच्या परिचयाचे उदाहरण आहे. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये 'कोलॉइड' हा शब्द रूढ केला. त्याआधी १८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून तयार झालेला माणकासारखा लाल द्रव लंडनच्या विद्वानांपुढे मांडला होता.

कलिल ओळखण्याची एक सोपी रीत आमचे विज्ञानाचे सहकारी वर्गात दाखवतात. एका ग्लासात मिठाचे पाणी आणि दुसऱ्यात दुधाचे चार थेंब टाकलेले पाणी घेऊन अंधाऱ्या खोलीत दोहोंतून प्रकाशाचा झोत सोडला, तर मिठाच्या पाण्यात झोताचा मार्ग जवळजवळ दिसत नाही. दुधाच्या पाण्यात मात्र तो स्पष्ट दिसतो, कारण तरंगणारे कण प्रकाश विखुरतात. यालाच टिंडल परिणाम म्हणतात. चांदीचे पाणी विकणारे आपल्या मालाच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून हाच प्रयोग दाखवतात. पण त्यातून पाण्यात तरंगते कण आहेत एवढेच सिद्ध होते. ते कण चांदीचे आहेत की अन्य कशाचे, किती आहेत आणि पिण्यास योग्य आहेत की नाहीत, याचे उत्तर तो झोत देत नाही.

घरी काय तयार होते?

घरगुती पद्धतीमागचे तत्त्व विद्युत अपघटनाचे आहे. शुद्ध चांदीच्या दोन तारा ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून त्या बॅटरीच्या दोन टोकांना जोडतात. बहुधा नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक लावून सत्तावीस व्होल्ट दाब मिळवतात. धन टोकाला जोडलेल्या तारेतील म्हणजे धनाग्रातील चांदीचे अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावून आयनाच्या रूपाने पाण्यात उतरतात. ऋणाग्रापाशी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, तसेच काही आयन तेथे पुन्हा धातूचे रूप घेऊन काळसर भुकटीसारखे साचतात. काही आयनांपासून सिल्व्हर ऑक्साइडही तयार होते. थोडे सूक्ष्म धातुकण पाण्यात तरंगत राहतात.

म्हणजे ज्याला लोक 'कोलॉइडल' म्हणतात, त्या घरगुती पाण्यातील बरीचशी चांदी कलिल स्वरूपात नसते. ती आयनांच्या रूपात विरघळलेली असते. हा फरक नुसता शब्दांचा नाही. चांदीच्या बारीक कणांमुळे पाण्याला पिवळसर छटा येते, कारण ते निळसर प्रकाश शोषतात. केवळ आयन असलेले पाणी रंगहीन राहते. रंग गडद होऊ लागला, तर कण एकमेकांना चिकटून मोठे होत आहेत असे समजावे. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी घेतले, किंवा वीज लवकर वाहावी म्हणून चिमूटभर मीठ टाकले, तर पाणी दुधाळ होते. ते चांदीचे 'सत्त्व' नव्हे. मिठातील क्लोराइडशी चांदीचा संयोग होऊन जवळजवळ न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड तयार झालेले असते.

प्रमाणाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. फॅरडे यांच्या नियमानुसार एक मिलिअँपिअर विद्युतप्रवाह तासभर वाहिला, तर धनाग्रातून सुमारे चार मिलिग्रॅम चांदी सुटते. प्रवाह पाच मिलिअँपिअर असेल तर वीस मिलिग्रॅम. घरी प्रवाह मोजला जात नाही आणि तो स्थिरही राहत नाही. पाण्यात आयन वाढत जातात तसा प्रवाहही वाढतो. त्यामुळे आजची बाटली आणि उद्याची बाटली यांत कितीतरी पटींचा फरक पडू शकतो. काही जण टीडीएस मीटर बुडवून 'इतके पीपीएम चांदी' असे छातीठोकपणे सांगतात. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकायला दारी येणाऱ्या प्रतिनिधीच्या हातातील हे उपकरण आपण पाहिलेले आहे. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि सामान्य क्षारांच्या हिशेबाने आकडा दाखवते. धातूचे तरंगते कण त्याला दिसत नाहीत, आणि चांदी कोणती व इतर क्षार कोणते हेही त्याला कळत नाही.

जंतू मरतात, हे खरे

येथवर वाचून चांदीत काहीच गुण नाही असा ग्रह होऊ नये. चांदीचे आयन जीवाणू मारतात, ही निर्विवाद गोष्ट आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांच्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत धातूंच्या अत्यल्प अंशाचा सूक्ष्मजीवांवर होणारा हा परिणाम नोंदलेला आहे. चांदीच्या आयनाला गंधकाची विलक्षण ओढ असते. घरातील चांदीची भांडी हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळी पडतात, ती त्याच ओढीमुळे. जीवाणूंच्या प्रथिनांत आणि विकरांत गंधकयुक्त गट असतात. चांदी त्यांना जाऊन चिकटली की विकर निकामी होतात, पेशीचे आवरण बिघडते आणि जीवाणू मरतो.

परंतु गंधकयुक्त प्रथिने केवळ जीवाणूंतच असतात असे नाही. ती आपल्या रक्तात, त्वचेत, यकृतातही असतात. जंतू कोणता आणि आपली पेशी कोणती, हे चांदीला ओळखता येत नाही. पेनिसिलीनचे मोठेपण नेमके येथे आहे. जीवाणूंची पेशीभित्ती बांधणाऱ्या यंत्रणेवर ते घाव घालते आणि मानवी पेशीला तशी भित्तीच नसते. म्हणूनच काचेच्या बशीत जंतू मारणे वेगळे आणि माणसाच्या शरीरातील जंतू मारून माणसाला वाचवणे वेगळे. बशीत तर ब्लीचिंग पावडरही जंतू मारते. म्हणून ती कोणी प्यायला देत नाही.

पोटात गेल्यावर काय होते?

चांदीचे पाणी घशाखाली उतरले की त्याची गाठ प्रथम जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी पडते. तेथे क्लोराइडची रेलचेल असते. आयनांच्या रूपातील चांदीचे तेथेच मोठ्या प्रमाणावर सिल्व्हर क्लोराइड होऊ लागते. उरलेली चांदी अन्नातील आणि शरीरातील प्रथिनांशी बांधली जाते. जी थोडी चांदी रक्तात पोहोचते, तिच्या वाट्याला तेथेही क्लोराइड आणि प्रथिनेच येतात. ज्या मुक्त आयनांनी बशीतील जंतू मारले, ते मुक्त आयन रक्तात फारसे शिल्लक राहत नाहीत. गिळलेल्या चांदीचा मोठा भाग शौचावाटे बाहेर पडतो. थोडा भाग मात्र शरीरातच मुक्काम ठोकतो.

त्या मुक्कामाचे रसायन समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. मतदान केलेल्या प्रत्येकाने ते आपल्या बोटावर पाहिले आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपल्या देशात मतदाराच्या डाव्या तर्जनीला जी शाई लावतात, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या संशोधनातून आलेली ही शाई म्हैसूरचा सरकारी रंग कारखाना तयार करतो. शाई त्वचेला लागली की सिल्व्हर नायट्रेटचा घामातील मिठाशी संयोग होतो आणि सिल्व्हर क्लोराइड बनते. त्यावर प्रकाश पडला की त्याचे विघटन होऊन धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण मागे राहतात आणि डाग काळा होतो. साबणाने तो जात नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांना सिल्व्हर क्लोराइड उन्हात ठेवल्यावर राखाडी होते हे शिकवले जाते, तीच ही अभिक्रिया. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचा पायाही चांदीच्या क्षारांवरील प्रकाशाची हीच क्रिया होती.

बोटावरचा डाग काही आठवड्यांनी जातो, कारण तो वरच्या थरात असतो. त्वचेची खपली झडते आणि नख वाढत पुढे सरकते. चांदी पोटातून रक्तात आणि रक्तातून त्वचेत गेली, तर ती वरच्या थरात न राहता खालच्या अंतस्त्वचेत, घामाच्या ग्रंथींच्या आसपास साठते. तो थर झडत नाही. वरून ऊन पडते, चांदीच्या संयुगांचे धातूत रूपांतर होते, पुढे गंधक आणि सेलेनियम यांच्याशी तिचा संयोग होऊन ती तेथे कायमची स्थिरावते. मग माणसाचा चेहरा, मान, हात निळसर-राखी दिसू लागतात. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. हिरड्यांवर आणि नखांच्या मुळाशी निळसर छटा दिसणे ही त्याची लवकर आढळणारी खूण आहे. चांदीचे पाणी पिणे थांबवले तरी रंग उतरत नाही. शरीरातील चांदी ओढून बाहेर काढील असे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. अलीकडे लेझर उपचाराने काही रुग्णांची त्वचा बरीच निवळली आहे, पण तो उपचार वेदनादायक व खर्चिक आहे आणि तो त्वचेपुरताच असतो.

अमेरिकेतील मोंटाना राज्याचे राजकारणी स्टॅन जोन्स यांचे उदाहरण जगभर गाजले. सन २००० उजाडताच संगणक बंद पडतील आणि प्रतिजैविकांचा तुटवडा होईल, या भीतीने त्यांनी १९९९ पासून घरी बनवलेले चांदीचे पाणी पिण्यास सुरुवात केली. संगणक चालूच राहिले, तुटवडा आला नाही. २००२ मध्ये सिनेटच्या निवडणुकीला ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्या निळसर चेहऱ्याचीच चर्चा अधिक झाली. दुसरे अमेरिकी गृहस्थ पॉल कॅरासन. त्वचेच्या तक्रारीसाठी त्यांनी घरचे चांदीचे पाणी वर्षानुवर्षे घेतले. २००८ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेला त्यांचा गडद निळा चेहरा अनेकांनी पाहिला. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत तो रंग गेला नव्हता.

मापाची भाषा

'थोडे घेतले तर काय बिघडते?' असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रोज पोटात जाण्यास चालेल असे जे प्रमाण ठरवले आहे, ते शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम आहे. साठ किलो वजनाच्या माणसासाठी ते दिवसाला ०.३ मिलिग्रॅम होते. आता दहा पीपीएम, म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम चांदी असलेल्या पाण्याचा दोनशे मिलिलिटरचा एक ग्लास घ्या. त्यात दोन मिलिग्रॅम चांदी आहे. ती रोजच्या मर्यादेच्या सहा पटींहून अधिक झाली, आणि ते पाणी भारतीय मानकाच्या मर्यादेहून शंभर पट चांदीचे ठरले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या संपूर्ण आयुष्यात मिळून सुमारे दहा ग्रॅम चांदी पोटात जाईपर्यंत दुष्परिणाम दिसू नयेत. वरील ग्लास रोज घेणारा ही आयुष्यभराची मर्यादा चौदा वर्षांच्या आत संपवतो. त्याच्या घरच्या बाटलीत दहाऐवजी चाळीस पीपीएम चांदी उतरली असेल, तर साडेतीन वर्षांतच. वर पाहिल्याप्रमाणे अर्ध्या लिटर पाण्यातून पाच मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर चाळीसचा आकडा गाठणे अवघड नाही. आणि घरी तो मोजणारे साधन नसते. लहान मुलांचे वजन कमी असल्याने त्यांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक होतो.

चांदीचा आणखी एक उपद्रव फारसा कोणी सांगत नाही. ती काही औषधांचे शरीरात होणारे शोषण कमी करते. थायरॉइडची थायरॉक्सिन गोळी, तसेच टेट्रासायक्लिन व क्विनोलोन गटांतील प्रतिजैविके ही त्यांतील उदाहरणे. म्हणजे डॉक्टरांचे औषध चालू ठेवून 'जोडीला' चांदीचे पाणी घेणाराही आपल्या औषधाचा परिणाम घटवून बसू शकतो.

इतिहासाच्या नावाने

या संदेशांत इतिहासाचे जे दाखले येतात, त्यांतील एक इराणच्या राजाचा आहे. सम्राट सायरस स्वारीवर निघताना चांदीच्या भांड्यांतून पाणी नेत असे, हे हेरोडोटसने खरोखरच लिहिले आहे. पण त्याच ठिकाणी त्याने हेही लिहिले आहे की ते पाणी चोआस्पिस नदीचे आणि उकळलेले असे. संदेशात भांडे राहते आणि उकळणे गळते. ज्या गोष्टीने पाण्यातील जंतू खात्रीने मेले असतील, तीच नेमकी वगळली जाते.

दुसरा दाखला युरोपातील सरदार घराण्यांचा. ते चांदीच्या ताटात जेवत, म्हणून रोगराईतून वाचले आणि त्यांच्या कातडीवरच्या निळ्या झाकेमुळे 'निळे रक्त' हा शब्दप्रयोग रूढ झाला, असे सांगतात. या शब्दप्रयोगाचा उगम स्पेनमध्ये आहे. कॅस्टीलमधील काही घराणी आपल्या वंशात मूर किंवा ज्यू रक्ताची भेसळ नाही, असा अभिमान मिरवीत. गोऱ्या कातडीखालून दिसणाऱ्या निळ्या शिरा ही त्या शुद्धतेची निशाणी मानली जाई. म्हणजे तो शब्द ताटाने दिलेला नाही, तो वंशश्रेष्ठत्वाच्या अहंकाराने दिलेला आहे. जन्मावरून माणसाची प्रतवारी करण्याचा तो अहंकार कसा असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तो आरोग्याचा पुरावा म्हणून पुढे यावा, ही मौजेची गोष्ट आहे.

चांदीच्या औषधी वापराचा अस्सल इतिहास याहून अधिक बोधप्रद आहे. जन्मतःच डोळ्यांना जंतुसंसर्ग होऊन एकोणिसाव्या शतकात युरोपातील असंख्य बालके अंध होत. जर्मनीतील लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक नवजात बालकाच्या डोळ्यांत दोन टक्के सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकण्याची पद्धत सुरू केली. त्यांच्या रुग्णालयात या संसर्गाचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आले. क्रेडे यांनी आधीची आणि नंतरची बालके मोजली होती, म्हणून जगाने त्यांचे ऐकले. पुढे त्या थेंबाने डोळ्यांची आग होते आणि प्रतिजैविक मलम अधिक सौम्य असते हे दिसल्यावर अनेक देशांनी तो थेंब सोडूनही दिला.

त्यानंतरच्या काळात चांदीची औषधे डॉक्टरांच्या रोजच्या वापरात होती. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट बार्न्स यांनी हर्मान हिले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या साथीने १९०२ मध्ये 'अर्जिरॉल' हे चांदी आणि प्रथिने यांचे औषध बाजारात आणले. त्यातून त्यांनी एवढी संपत्ती मिळवली की रेन्वार, सेझान, मातीस यांच्या चित्रांचा जगप्रसिद्ध संग्रह उभा राहिला. त्याच काळात त्वचा निळी पडलेल्या रुग्णांच्या नोंदीही साचत होत्या. हिल आणि पिल्सबरी या दोन अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांनी १९३९ मध्ये आर्जिरियावर संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. १९३० च्या दशकात सल्फा औषधे आणि पुढच्या दशकात पेनिसिलीन आले, आणि चांदी मागे पडली. यात कोणी काही दडवले नाही. चांदी पुस्तकांत होती, दुकानांत होती, डॉक्टरांच्या कपाटात होती. तिच्याहून अधिक रुग्ण वाचवणारे आणि कमी अपाय करणारे औषध आले, म्हणून ती मागे पडली.

१९९० च्या दशकात ती पुन्हा 'नैसर्गिक उपचार' म्हणून अवतरली. सर्व पुरावे तपासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये निर्णय दिला की डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या कलिल चांदीयुक्त औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानता येणार नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरताच त्याच प्रशासनाने करोनावरचे खोटे उपाय विकणाऱ्या सात विक्रेत्यांना इशारापत्रे पाठवली; त्यांत चांदीचे पाणी विकणारा दूरचित्रवाणीवरील धर्मप्रचारक जिम बॅकर याचा कार्यक्रमही होता. मिसुरी राज्याने त्याच्यावर दावा लावला आणि २०२१ च्या तडजोडीत खरेदीदारांना दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करण्याचे त्याने मान्य केले.

चांदीची योग्य जागा

आजही चांदी वैद्यकात आहे. सरकारी रुग्णालयाच्या जळीत कक्षात जखमेवर लावले जाणारे पांढरे मलम सिल्व्हर सल्फाडायझिनचे असते; चार्ल्स फॉक्स यांनी ते १९६८ मध्ये पुढे आणले. त्याचीही फेरतपासणी होत आली आहे, आणि काही आधुनिक आवरणांच्या तुलनेत त्याने जखम भरण्यास उशीर लागतो असेही आढळले आहे. पाणी शुद्ध करण्यासाठी चांदीचा लेप दिलेली मातीची गाळणी अनेक देशांत वापरतात. आपल्याकडे २००९ मध्ये आलेल्या 'टाटा स्वच्छ' या यंत्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे सूक्ष्म कण बसवलेले होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या रशियन विभागात साठवलेले पाणी चांदीच्या आयनांनी निर्जंतुक ठेवले जाते.

या सर्व उदाहरणांत चांदी शरीराबाहेर किंवा जखमेच्या पृष्ठभागावर काम करते, तिचे प्रमाण ठरलेले असते आणि परिणाम कोणीतरी मोजलेला असतो. रोज ग्लासभर पिण्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. चांदीचे पाणी प्यायल्याने कोणताही आजार बरा होतो, असे दाखवणारा विश्वासार्ह वैद्यकीय पुरावा उपलब्ध नाही.

मिठाईवरील चांदीच्या वर्खाचा प्रश्न पालक विचारतात. तो अतिशय पातळ आणि धातुरूप असतो, क्वचित खाल्ला जातो, आणि तो ९९९ शुद्धतेच्या चांदीचा असावा असा आपल्या देशाचा अन्नविषयक नियम आहे. बाळाला चांदीच्या वाटीतून भरवण्यातही भीती नाही, कारण घट्ट धातूतून चांदी नगण्य सुटते. वीज लावून ती मुद्दाम पाण्यात उतरवणे आणि वर्षानुवर्षे पिणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे.

दावा समोर आल्यावर

निळी त्वचा हा या पाण्याचा डोळ्यांना दिसणारा अपाय. न दिसणारा अपाय त्याहून गंभीर आहे, आणि तो म्हणजे वाया गेलेला वेळ. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो क्षयरोग असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि साध्या क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांत पूर्ण होतो. त्याऐवजी घरातील कर्त्या माणसाने तीन महिने चांदीचे पाणी घेत काढले, तर त्याचा आजार बळावतो आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलांनाही धोका होतो. मधुमेहाचेही तसेच. ज्या कुटुंबात एकाच्या मजुरीवर सहा जणांचे पोट चालते, तेथे हा उशीर संपूर्ण घराला खाली ओढतो. आपल्या शाळेतील कितीतरी मुले अशाच घरांतून येतात, हे आपण सर्व जण जाणतो.

म्हणून अशा प्रत्येक संदेशाला काही साधे प्रश्न विचारावेत. हे कोठे सिद्ध झाले, काचेच्या बशीत की माणसांत? किती माणसांत, आणि ते न घेणाऱ्यांशी तुलना केली होती काय? मात्रा किती, आणि ती मोजली कोणी? सांगणारा तेच विकतो आहे काय? जे एकाच वेळी कर्करोग, मधुमेह, क्षय आणि केसगळती बरे करते असे सांगितले जाते, त्याने यांपैकी एक तरी आजार बरा केल्याची नोंद कोठे आहे? कर्करोग, मधुमेह, अपस्मार अशा ५४ आजारांवर खात्रीशीर इलाज असल्याची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. अशी जाहिरात दिसली, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

कोणी हे पाणी घेत असेल, तर त्याची खिल्ली उडवू नये. बहुधा तो जुन्या दुखण्याने आणि दवाखान्याच्या फेऱ्यांनी थकलेला असतो. त्याला ते थांबवण्यास सांगावे, आणि डॉक्टरांकडे जाताना ही गोष्ट लपवू नये असेही सांगावे. कारण चालू औषधांचे प्रमाण ठरवताना डॉक्टरांना ती माहिती लागते. आपले अनेक माजी विद्यार्थी आज परिचारिका, औषधनिर्माते, आरोग्यसेवक आणि शिक्षक म्हणून काम करीत आहेत. गावातील मोबाइल गटावर वडीलधाऱ्या माणसाने असा संदेश टाकला की त्यांना खोडून काढण्याची भीड वाटते, हे स्वाभाविक आहे. गटावर वाद घालण्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्या घरी जावे, काका काय होतंय म्हणून विचारावे, मतदानाच्या शाईचे उदाहरण द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जावे.